कंबर नाही हो, जांघ दुखते!

परवा बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करून झाले, चहा आला, आणि मी मुद्दाम एक प्रश्न टाकला. म्हटलं, "बायांनो, जांघेत दुखायला लागलं तर डॉक्टरांना काय सांगता?" एकदम शांतता. मग दोघी-तिघींनी तोंडाला पदर लावला. शेवटी एक आजी म्हणाल्या, "कंबर दुखती म्हणायचं की. पुरुष माणसापुढं असलं नाव घ्यायचं व्हय?"

मैत्रिणींनो, मला हसू आलं नाही. कारण याच एका शब्दापायी आमच्या घरातली वीस महिन्यांची पायपीट झाली होती. आणि ती होत असताना मी, जी गेली पंधरा वर्षं गावोगावी जाऊन मासिक पाळी, पांढरं जाणं, रक्तक्षय यांवर बायकांशी मोकळेपणानं बोलते, त्याच घरात राहत होते.

आमच्या धाकट्या जाऊबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. वय तेव्हा चौतीस. कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून खो-खो खेळलेल्या. एकत्र कुटुंब असल्यामुळे आमचं नातं जावांपेक्षा बहिणींचं जास्त, म्हणून इथे मी तिला नुसतं 'धाकटी' म्हणते. २०२१ च्या दिवाळीत आम्ही दोघी चकल्या करायला बसलो होतो. सोऱ्या तिच्या हातात. तास-दीड तासानं उठताना ती अर्ध्यातच थांबली आणि उजव्या हाताचा अंगठा पाठीकडे, चार बोटं पुढे अशा पंज्यात तिनं आपला खुबा घट्ट धरला. मी म्हटलं, "काय गं?" तर म्हणाली, "काही नाही ताई, कंबर भरून आली."

पुढे दीड वर्षानं कळलं, की त्या हाताच्या पकडीला डॉक्टरांच्या पुस्तकात नाव आहे. हाताचा आकार इंग्रजी 'सी' अक्षरासारखा होतो म्हणून 'सी साइन'. खुब्याच्या सांध्याच्या आत दुखणारी माणसं बोटानं एक जागा दाखवू शकत नाहीत, ती असा खुबा मुठीत धरून दाखवतात. चकल्या करताना ती मला सगळं दाखवत होती. मला वाचता येत नव्हतं इतकंच.

मग सुरू झाली फिराफिरी. आधी बाम आणि गोळ्या. मग स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफी. ती योग्यच होती बरं का, कारण गर्भाशयाच्या काही दुखण्यांतही जांघेत कळ येते. तिथे काही निघालं नाही. मग मणक्याचा एमआरआय. त्यात 'थोडी गॅप' निघाली. खरं तर तिशीनंतर पुष्कळांच्या मणक्यात काही ना काही निघतंच. झालं, दीड महिना कमरेला पट्टा आणि वजनं लावून ताण. एका डॉक्टरांनी तर तिच्यासमोरच दिरांना सांगितलं, "शाळेचं टेन्शन दिसतंय, थोडं फिरवून आणा." दीर आणि ती महाबळेश्वरला गेले. तीन तास गाडीत बसून पाय इतका आखडला, की उतरताना तिला आधार द्यावा लागला.

घरातही कुजबुज सुरू झाली. केर काढायला वाकते, पण उकिडवी बसत नाही. शाळेत दिवसभर उभी राहते, पण पंगतीत पाटावर बसायला नको म्हणते. चालताना काही नसतं, स्कूटीवर टांग टाकताना मात्र ओरडते. बघणाऱ्याला वाटणार, कामाच्या वेळी बरं दुखतं! सासूबाई स्पष्टच म्हणाल्या. मी बोलले नाही, पण मनात एकदा तरी येऊन गेलं, खोटं कशाला सांगू?

२०२३ च्या जूनमध्ये ओळखीतून पुण्याच्या एका अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी जुन्या फायली बाजूला ठेवल्या आणि म्हणाले, "मॅडम, कंबर हा शब्द सोडून सांगा. नक्की कुठे दुखतं ते हातानं दाखवा." धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं पुन्हा तोच पंजा खुब्यावर ठेवला आणि मग दोन बोटं जांघेत रुतवली. डॉक्टरांनी तिला टेबलावर निजवलं, गुडघा पोटाशी आणला, आत वळवला आणि पाऊल बाहेर फिरवलं. ती किंचाळलीच. दोन मिनिटांची तपासणी, तिला ना मशीन लागलं ना पैसा. वीस महिन्यांत ती कुणीच केली नव्हती, कारण आम्ही कुणालाच जांघ सांगितली नव्हती.

आमचंच असं झालं असं नाही. अमेरिकेत २००६ साली अशा ६६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दुखणं सुरू झाल्यापासून निदान होईपर्यंत सरासरी २१ महिने गेले होते आणि सरासरी ३.३ डॉक्टर-थेरपिस्ट झाले होते. म्हणजे तिघे पुरते आणि वर चिमूटभर! आणि त्यांतल्या दहातल्या नऊ जणांना दुखत होतं कुठे, तर जांघेत.

आता हे नक्की दुखणं तरी काय? डॉक्टरांनी प्लास्टिकचा सांगाडा पुढे ठेवून समजावलं, पण मला कळलं ते माझ्या भाषेत. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. उखळीचा सांधा आपण शाळेत शिकलोय. त्या वाटीच्या काठाला गोल फिरलेली कुर्चेची एक चिवट कडा असते, तिचं नाव लॅब्रम. कुकरच्या झाकणातली रिंग डोळ्यांसमोर आणा. रिंग धड असेल तर वाफ आत राहते. तसंच या कडेमुळे सांध्यातलं वंगण आत धरून ठेवलं जातं आणि गोळा वाटीत जणू शोषून बसल्यासारखा घट्ट राहतो. रिंग एका जागी फाटली की कुकर फुसफुसतो, शिट्टी होत नाही. लॅब्रम फाटला की सांधा आतून कुरकुरतो, मध्येच अडकतो, 'कट्' वाजतो. फरक एवढाच, की कुकरच्या रिंगेला दुखत नाही. लॅब्रममध्ये मज्जातंतूंची टोकं असतात. आणि रक्तपुरवठा मुख्यतः बाहेरच्या बाजूनं, तोही बेताचा, म्हणून फाटलेलं आपोआप सांधून येणं अवघड.

फाटतं कशानं? पडणं, अपघात ही कारणं आहेतच. पण पुष्कळ वेळा हाडाच्या आकारातच खोट असते. कुणाचा गोळा पुरता गोल नसतो, मानेपाशी उंचवटा असतो, त्याला 'कॅम' म्हणतात. कुणाच्या वाटीचा काठ जरा जास्तच पुढे आलेला असतो, तो 'पिन्सर'. मांडी पोटाकडे आली की हाडावर हाड घासतं आणि मध्ये सापडते ती बिचारी कडा, दारात बोट चेमटावं तशी. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचे सर्जन राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ही घासाघाशी आणि पुढे होणारी सांध्याची झीज यांचा संबंध नीट मांडला. त्याआधी असे कितीतरी रुग्ण 'स्नायू ताणलाय' या नावाखाली घरी जात असतील.

धाकटीच्या एक्स-रेत कॅमचा उंचवटा होता. त्यात खो-खोची ती वर्षं. चौकात उकिडवं बसायचं, खो मिळाला की त्याच बसलेल्या अवस्थेतून पिळवटून धावायचं. डॉक्टरांनी विचारलं, "खेळत होता का?" तर तिचे डोळे भरले. म्हणाली, "माझी सगळ्यात चांगली वर्षं ती."

मग सांध्यात रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन एमआरआय झाला. त्यातच बधिर करायचं औषध मिसळलं होतं, आणि ते मला सगळ्यात पटलं. दुखणं सांध्यातूनच येत असेल तर औषधाचा अंमल आहे तोवर ते थांबायला हवं. चार तास थांबलं! त्या चार तासांत धाकटी हॉस्पिटलचा जिना दोनदा चढून-उतरून आली. संध्याकाळी कळ परत आली, पण तिचा चेहरा शांत होता. घरी फोन करून तिनं नवऱ्याला पहिलं वाक्य सांगितलं, "माझं खरंच दुखत होतं हो."

माझी समजूत होती, फाटलंय म्हणजे शिवायचं. डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. २०१२ मध्ये एक अभ्यास झाला. खुबा अजिबात न दुखणाऱ्या ४५ जणांचे एमआरआय काढले, तर ६९ टक्के लोकांच्या लॅब्रममध्ये फाट दिसली! म्हणजे रिपोर्टमध्ये नुसतं 'लॅब्रल टेअर' छापून आलं, एवढ्यानं ऑपरेशनच्या टेबलावर जायचं नसतं. दुखणं, तपासणी, एक्स-रे, इंजेक्शनचा परिणाम, सगळ्यांचं बोट एकाच जागी जायला हवं. आणि आधी व्यायाम. तिला तीन महिने फिजिओथेरपी दिली, पोटाच्या, कुल्ल्याच्या स्नायूंची. उकिडवं बसणं, मांडी घालणं बंद. तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीला अशाच दुखण्यात तेवढ्यावर आराम पडला. धाकटीला नाही पडला. रात्री कूस बदलतानाही जाग यायची.

तिनं विचारलं, "ऑपरेशननं शंभर टक्के बरं होईल का?" डॉक्टरांनी हो म्हटलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. ब्रिटनमध्ये २३ रुग्णालयांनी मिळून ३४८ रुग्णांवर मोठी चाचणी केली, तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. निम्म्यांना दुर्बिणीतून ऑपरेशन, निम्म्यांना माणसागणिक आखलेले व्यायाम. खुबा रोजच्या जगण्यात किती साथ देतो याला १०० पैकी गुण. सुरुवातीला दोन्ही गट चाळिशीच्या आतच होते. वर्षानं ऑपरेशनवाले ५८.८ वर गेले आणि व्यायामवाले ४९.७ वर. दोघांनाही फायदा झाला, ऑपरेशनचा जास्त. पण बघा, ५८.८ म्हणजे काही शंभर नव्हेत. ही संख्या मी डायरीत लिहून ठेवली आणि घरी सगळ्यांना वाचून दाखवली. सासूबाई म्हणाल्या, "निम्म्याच्या वर हाय की, पास झाली."

खुब्याची दुर्बीण ही गुडघ्याच्या दुर्बिणीची धाकटी बहीण, पण स्वभावानं फार अवघड. सांधा खोल, भोवती मांसाचा जाड थर आणि गोळा वाटीत घट्ट रुतलेला. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांवर दुर्बीण घालून पाहिली, तेव्हा गोळा आणि वाटी यांच्यामध्ये सुई शिरणं अशक्यच, असं त्यांचं मत झालं होतं. जपानच्या केन्जी ताकागी यांनी १९३९ मध्ये जिवंत रुग्णांवरचे अनुभव लिहिले. नंतर कितीतरी दशकं हा प्रकार मागेच पडला.

तो अशक्य वाटलेला भाग आज सोडवतात तो अगदी साध्या युक्तीनं: पाय ओढून. धाकटीला पूर्ण भूल दिली. पाय गादीच्या बुटात बांधला, दोन मांड्यांच्या मध्ये जाड उशी गुंडाळलेला दांडा आणि यंत्रानं पाय हळूहळू ओढला. एक्स-रेच्या पडद्यावर बघत गोळा वाटीतून सेंटिमीटरभर दूर करतात, बस्स, बोटाच्या रुंदीहून कमी. ही ओढ शक्यतो दोन तासांच्या आत संपवायची, नाहीतर नसांना त्रास होतो. त्या फटीत आधी लांब सुई, सुईतून बारीक तार, तारेवरून नळी आणि नळीतून दुर्बीण. तीही सरळ बघणारी नाही, ७० अंशात तिरकं बघणारी, कारण कोपऱ्यात डोकवायचं असतं. दुसऱ्या भोकातून हत्यारं. आत सलाइनचं पाणी सतत खेळतं ठेवतात, म्हणजे दिसतं स्वच्छ.

मग फाटलेली कडा चाचपून बघायची. वाटीच्या काठाचं हाड किंचित खरवडून ताजं करायचं, म्हणजे तिथे रक्त येतं आणि कडा हाडाला पुन्हा धरते. भिंतीत खिळा घट्ट बसावा म्हणून आधी प्लग ठोकतात ना, तसे दोन-तीन मिलिमीटरचे इवलेसे 'अँकर' काठाच्या हाडात बसवतात. त्यांना दोरा असतोच. तो दोरा कडेभोवती किंवा कडेतून ओवून गाठ मारायची. अँकरचा कोन चुकला तर तो सांध्याच्या गुळगुळीत कुर्चेतून बाहेर डोकावेल, म्हणून हात सरावाचा हवा. आणि गाठ फार आवळायचीही नाही, कडा गोळ्याला लगटून राहायला हवी. ब्लाउजला पायपिंग लावताना जास्त ओढलं की गळा चुण्या धरतो, तसंच हे. धाकटीला तीन अँकर लागले. मग पायाची ओढ सोडली, गोळा जागेवर आला, कडा नीट बसतेय हे बघितलं, आणि हाडाचा तो उंचवटा तासून गोल केला. हे तासणं राहिलं तर शिवलेलं पुन्हा चेमटणार, म्हणजे नळ गळता ठेवून फरशी पुसण्यासारखंच. शेवटी सांध्याभोवतीची पिशवी शिवली. ज्या बायकांचे सांधे लवचीक असतात त्यांच्यात ही पिशवी शिवणं विशेष महत्त्वाचं, असं डॉक्टर म्हणाले.

पूर्वी फाटलेला तुकडा कापून टाकत. सोपं काम, लवकर व्हायचं. पण रिंगेचा तुकडा कापला तर वाफ तिथूनच जाणार की! २०१३ मध्ये ३६ रुग्णांवर एक चाचणी प्रसिद्ध झाली आणि गंमत म्हणजे त्या सगळ्या बायका होत्या. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीनं निम्म्यांची कडा शिवली, निम्म्यांचा फाटका भाग कापला. रोजच्या हालचालींचे गुण शिवलेल्यांना सरासरी ९१.२, कापलेल्यांना ८०.९. संख्या लहान आहे खरी, पण बायकांच्या शरीराचा वेगळा विचार करून केलेला अभ्यास वाचायला मिळाला याचंच मला अप्रूप.

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी कुबड्यांवर उभी केली. फिजिओथेरपिस्ट मुलीनं वजनकाटा आणून जमिनीवर ठेवला. म्हणाली, "पाय पूर्ण टेकवायचा, पण काटा दहा किलोच्या पुढे जाता कामा नये. बघून बघून सवय करा." तो काटा आम्ही घरीही वापरला. तीन आठवडे कुबड्या. सायकल, पण जागेवरची आणि बिनताणाची. रोज थोडा वेळ पालथं पडायचं. सरळ पाय वर उचलायचा नाही, पाऊल बाहेर वळू द्यायचं नाही. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून एक औषध, सांध्याभोवती नको तिथे हाड तयार होऊ नये म्हणून दुसरं.

तिसऱ्या रात्री मी तिच्याजवळ झोपले होते. दोन वाजता तिनं मला हलवलं आणि अगदी हळू म्हणाली, "ताई, खाली सगळं बधिर झालंय. लघवीची जागासुद्धा. सकाळपासून." मी उठून बसले. सकाळपासून! राउंडला दोनदा डॉक्टर येऊन गेले होते, नर्स येऊन गेली होती. पण राउंडला सहा-सात पुरुष शिकाऊ डॉक्टर होते, म्हणून ही गप्प. वीस महिने गप्प राहण्याची किंमत मोजून झाल्यावरही! मी नर्सला उठवलं. मांड्यांमधल्या त्या दांड्याचा नसेवर दाब आला की असं होऊ शकतं आणि बहुतेकांचं काही दिवसांत, काहींचं काही आठवड्यांत उतरतं, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिचं पाचव्या दिवशी उतरलं. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा तळहाताएवढा पट्टा मात्र पुढे दोन-तीन महिने मुका होता. हे धोके ऑपरेशनच्या आधीच्या कागदावर छापलेले होते. आम्ही सही केली होती, वाचलं नव्हतं. क्वचित जंतुसंसर्ग, गुठळी, तासलेल्या जागी हाड मोडणं हेही त्या कागदावर होतं.

खरी परीक्षा घरी आली. जखमा म्हणजे दोन-तीन भोकं, प्रत्येकी सेंटिमीटरची. बघायला येणाऱ्या बायका साडी बाजूला करून बघायच्या आणि नाराज व्हायच्या. सासूबाई म्हणाल्या, "भोकं दोन अन् थेरं बारा. तीन महिने पाटावर बसायचं न्हाई म्हणं!" सिझेरियन झालेल्या बाईला घर सांभाळतं, कारण टाका दिसतो. इथे टाका आत आहे, हाडाला. शेवटी मी कुकरची जुनी रिंग कापली, सुई-दोऱ्यानं शिवली आणि सासूबाईंच्या हातात देऊन म्हटलं, "आता ओढा बरं जोरात." त्यांनी ओढली नाही. रिंग परत माझ्या हातात दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच देवघरासमोर धाकटीसाठी खुर्ची ठेवली. घरात कमोड बसवून घेतला तोही तेव्हाच. आता तो सासूबाईच जास्त वापरतात!

नवरा-बायकोच्या जवळिकीबद्दलही बोलायला हवं. हे दुखणं तिथेही असतं. पाय बाजूला घेताना कळ येते, बाई टाळते आणि नवऱ्याचा गैरसमज होतो. धाकटीनं हे मला ऑपरेशननंतर सांगितलं. किती दिवसांनी, कसं, हे फिजिओथेरपिस्टला विचारायला ती लाजली, तेव्हा मीच चिठ्ठीवर लिहून दिलं. त्या मुलीनं सरळ, न हसता उत्तर दिलं. विचारलं की मिळतं उत्तर.

गावात धाकटीची कथा पसरली आणि आमच्याच गटातली एक मावशी आपला एमआरआय घेऊन आली. वय एकावन्न. "माझ्यात बी तेच लिवलंय, मला बी तेच ऑपरेशन करा." रिपोर्टमध्ये लॅब्रल टेअर होतंच. पण साध्या एक्स-रेत सांध्यातली फट जवळजवळ मिटलेली. अमेरिकेतल्या कोलोरॅडोतले नामवंत सर्जन मार्क फिलिपॉन यांनी २००९ मध्ये आपल्या ११२ रुग्णांचा दोन वर्षांनंतरचा हिशेब दिला होता. त्यांतल्या दहा जणांना पुढे सांधा बदलावा लागला आणि ज्यांची फट दोन मिलिमीटरपेक्षा कमी उरली होती त्यांच्यात हा धोका जास्त होता. कुकरच झिजल्यावर नवी रिंग काय करणार? मावशीला डॉक्टरांनी नाही सांगितलं. ती रुसली. "मास्तरणीला एक न्याय, मला एक!" तिला समजावायला मला तीन दुपारी लागल्या. वजन कमी करणं, व्यायाम, गरजेपुरत्या गोळ्या आणि काठी, तीही दुखत्या पायाच्या विरुद्ध हातात. आपण नेमकी उलट धरतो. पुढे-मागे सांधा बदलायचा. चाळिशीनंतर दुर्बीण चालतच नाही असंही नाही. झीज फार नसलेल्या चाळिशीपुढच्या ९० जणांची एक चाचणी २०२१ मध्ये आली, त्यात नुसत्या व्यायामापेक्षा ऑपरेशन आणि व्यायाम यांचा फायदा जास्त दिसला. वयापेक्षा फट महत्त्वाची, असा मी त्याचा अर्थ घेतला.

काहींची वाटी मुळातच उथळ असते आणि हे मुलींमध्ये जास्त. तिथे नुसती कडा शिवून भागत नाही, वाटीचंच हाड फिरवून बसवावं लागतं. बाळाचे पाय सरळ जोडून करकचून गुंडाळणं अशा खुब्याला वाईट आणि पाय फाकवून कडेवर घेणं चांगलं. आपल्या आज्या बाळाला कडेवर घ्यायच्या ते योग्यच होतं, दुपट्यात आवळायच्या ते नाही. आणि जांघेतलं प्रत्येक दुखणं लॅब्रमचंच असतं असंही नाही. हर्निया, मुतखडा, खुब्याचा क्षय, स्टिरॉइडनंतर गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणं, असं बरंच काही असू शकतं. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्या काहींना नंतर हे शेवटचं झालंय. म्हणून घरच्या घरी निदान नको.

खर्च? आमचा सगळा मिळून दोन लाखांच्या वर गेला. बिलात मोठा वाटा त्या इवल्याशा अँकरचा. धाकटीची नोकरी होती म्हणून निभावलं, काही रक्कम शासनाकडून परत मिळाली, तीही कागदांच्या चळतीनंतर. जिची नोकरी नाही तिनं योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधी गाठावं, हे ऑपरेशन यादीत बसतं का ते लेखी विचारावं. आणि डॉक्टरांना धीट होऊन विचारावं, की अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता. आम्ही विचारलं होतं. ते रागावले नाहीत.

सगळ्यांचं गोड होतं असं नाही. टेनिसपटू अँडी मरेचं जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला खुब्याचं ऑपरेशन झालं, दुखणं राहिलंच, आणि वर्षभरानं लंडनला धातूचा सांधा बसवावा लागला. त्या धातूच्या खुब्यावर त्यानं ऑक्टोबर २०१९ मध्ये अँटवर्पची स्पर्धा जिंकली ही गोष्ट वेगळी.

धाकटीला आता दोन वर्षं होऊन गेली. अडीच महिन्यांनी स्कूटी, पाच महिन्यांनी डोंगरावरच्या देवीला पायऱ्या चढून. रात्रीची झोप परत आली. पावसाळी हवेत कधी जांघ जड होते. मांडी घालून दहा मिनिटं बसते, मग पाय लांब करते. उकिडवी बसत नाही, बसायचंही नाही असं तिनंच ठरवलंय.

गेल्या डिसेंबरात केंद्राच्या क्रीडा स्पर्धा होत्या. खो-खोच्या मैदानाला चुना मारायला ती सकाळी सातलाच हजर. मुलींना चौकात कसं बसायचं ते दाखवायची वेळ आली, तेव्हा तिनं सहावीतल्या एका मुलीला पुढे बोलावलं आणि स्वतः उभ्यानंच हात धरून तिला बसवलं, टाच कुठे, गुडघा कुठे सगळं सांगत. सामना सुरू झाला. मधल्या चौकातली एक मुलगी उठताना थबकली आणि कमरेवर हात ठेवून पुन्हा पळाली. धाकटीनं शिट्टी वाजवून खेळ थांबवला, तिला बाजूला घेतलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं विचारलं, "कंबर दुखते की जांघ? नीट सांग."

मुलगी लाजली, इकडेतिकडे बघितलं, मग म्हणाली, "जांघ, बाई."